घर पाहावे बांधून

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घर बांधताना मनुष्याला ज्या गोष्टी कळतात त्या दुसऱ्याच्या ओसरीवर बसून कळत नाहीत, हा तिचा अर्थ. गेल्या पस्तीस वर्षांत जगातील लोकांनी एक नव्या प्रकारचे घर बांधावयास घेतले. त्याला आपण संकेतस्थळ म्हणतो, आणि ज्या जागेवर ते उभे राहते तिला सर्व्हर. या घरबांधणीचा इतिहास थोडक्यात सांगावा, आणि ज्यांना असे घर बांधावयाचे आहे त्यांच्या उपयोगाच्या चार गोष्टी त्यातूनच वेचून द्याव्यात, एवढाच या व्याख्यानाचा हेतू आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. युनियनचे काम म्हणजे निम्मे बोलणे आणि निम्मे कागद सांभाळणे. करार, पगारपत्रके, लवादाचे निवाडे, सभांची इतिवृत्ते, हे कागद ज्याच्या हाती त्याने अर्धी लढाई जिंकलेली असते. पूर्वी हे कागद लोखंडी कपाटात असत. पुढे ते संगणकावर गेले, आणि कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या आमच्यासारख्या माणसांना रात्री जागून हे शास्त्र शिकावे लागले. शिकताना आमच्या असे ध्यानात आले की, या विद्येतला एकही नियम कोणा पंडिताने खोलीत बसून काढलेला नाही. प्रत्येक नियमामागे कोणाची तरी ठेच आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा! या ठेचांमध्ये एक आमचीही आहे. ती योग्य ठिकाणी सांगू.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. तालुक्याच्या कचेरीत नकला देणारा कारकून असतो. कोणी येऊन अमुक कागदाची नक्कल मागतो. कारकून दप्तरातून कागद काढतो, नक्कल हाती देतो आणि मूळ कागद दप्तरातच ठेवतो. सर्व्हर हा असा कारकून आहे. आपण मोबाइलवर एखादे पान उघडतो तेव्हा दूरच्या कोठल्या तरी यंत्राकडे अर्ज जातो आणि तेथून नक्कल येते. या कारकुनाला झोप नाही, रजा नाही, आणि संघटना करण्याचा हक्कही नाही. एरवी तो आपल्या टेबलावरच्या संगणकासारखाच एक संगणक असतो.

असा पहिला कारकून जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत बसला. तेथे हजारो शास्त्रज्ञ येत, दोन-चार वर्षे काम करीत आणि जात. त्यांच्याबरोबर त्यांना असलेली माहितीही निघून जाई. या अडचणीवर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली या इंग्रज तरुणाने मार्च १९८९ मध्ये वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवले. १९९० च्या अखेरीस त्याने नेक्स्ट नावाच्या संगणकावर जगातला पहिला वेब सर्व्हर चालू केला. त्या संगणकावर त्याने लाल शाईने लिहिलेली एक चिठ्ठी डकवली होती: हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये. चिठ्ठी गमतीची वाटते. परंतु सायंकाळी दिवे मालवणाऱ्या एखाद्या माणसाने ते बटण दाबले असते, तर त्या दिवशी साऱ्या जगाचे वेब बंद पडले असते. सर्व्हर बांधणाऱ्याने शिकावयाचा पहिला धडा या चिठ्ठीत आहे. यंत्र कशाचे, त्यावर काय चालते आणि अडचण आल्यास कोणाला विचारावे, हे लिहून ठेवावे. बांधणाऱ्याच्या डोक्यात असलेली माहिती त्याच्याबरोबरच घरी जाते. बर्नर्स-लीची मूळ तक्रार हीच होती, हे विसरू नये.

पण त्याच सर्नमध्ये एक ठेचही लागली. ६ ऑगस्ट १९९१ रोजी बर्नर्स-लीने आपल्या कामाची वार्ता बाहेरच्या जगाला दिली. पाने रोज सुधारली जात होती. जुन्यावर नवे लिहिले जात होते. जुन्याची नक्कल ठेवावी असे कोणाला सुचले नाही. २०१३ मध्ये सर्नने पहिले पान पुन्हा जगासमोर मांडण्याचा संकल्प सोडला, तेव्हा संस्थेपाशी १९९२ पूर्वीची नक्कल नव्हती. पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील एका प्राध्यापकाच्या जुन्या यंत्रावर १९९१ ची एक प्रत सापडली. बर्नर्स-लीनेच ती त्याला पूर्वी दिली होती. ज्यांनी वेब निर्माण केले त्यांची ही गत, मग आपली काय कथा? दुसरा धडा असा की, आज आपण जे पान बदलतो आहोत त्याची कालची प्रत तारीख घालून बाजूस ठेवावी. साध्या मजकुराला जागा फारशी लागत नाही. आणि पाने होता होईल तो साधी ठेवावीत. त्या काळची साध्या मजकुराची पाने आजच्या ब्राउझरमध्येही निर्धास्त उघडतात, मात्र मधल्या काळातील नखरेल पानांपैकी कितीतरी आज उघडत नाहीत.

सर्नने ३० एप्रिल १९९३ रोजी एक थोर गोष्ट केली. वेबचे सॉफ्टवेअर कोणीही विनामूल्य वापरावे असे तिने जाहीर केले. त्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या गोफर नावाच्या अशाच पद्धतीच्या सर्व्हरवर काही वापरासाठी शुल्क लावण्याचा विचार बोलून दाखविला, आणि लोक बिचकले. गोफर मागे पडले, वेब पुढे गेले. रस्त्यावर जकातनाका बसला की गाड्या दुसऱ्या वाटेने जाऊ लागतात, हे आपल्या बाजारपेठांना नवे नाही.

यानंतरची हकीगत आम्हा संघटनेच्या लोकांना विशेष प्रिय आहे. अमेरिकेत इलिनॉय येथील एनसीएसए या संस्थेत रॉब मॅकूल याने सर्व्हरचे एक सॉफ्टवेअर लिहिले होते आणि ते जगभर चालत होते. १९९४ मध्ये तो संस्था सोडून गेला. सॉफ्टवेअर पोरके झाले. दोष सापडत होते, पण दुरुस्त करणारा नव्हता. तेव्हा ठिकठिकाणी सर्व्हर सांभाळणारी माणसे आपापल्या दुरुस्त्या पत्राने एकमेकांना धाडू लागली. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांपैकी आठ जणांनी एक गट केला आणि सगळ्या दुरुस्त्या एकत्र शिवल्या. त्या गोधडीचे नाव अपाची. ते एका जमातीच्या आदराने दिले असे सांगतात. 'अ पॅची', म्हणजे ठिगळांचा, अशी कोटीही करतात. एप्रिल १९९६ पर्यंत हे ठिगळांचे सॉफ्टवेअर जगात सर्वांत अधिक वापरले जाऊ लागले होते. त्यांच्यापाशी कचेरी नव्हती आणि भांडवलही नव्हते. ज्यांचे काम अडत होते त्यांनीच ते हाती घेतले होते.

१९९१ मध्ये लिनस टोर्व्हाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने आरंभिलेले लिनक्सही असेच अनेक हातांनी वाढले. अपाचीखाली लिनक्स, ही जोडी विनामूल्य असल्यामुळे जुन्या, टाकाऊ संगणकावरही सर्व्हर उभा करणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. तिसरा धडा येथे मिळतो. सॉफ्टवेअर निवडताना त्याची चकाकी पाहू नये. ते किती जण सांभाळतात, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली आणि सांभाळणारा एक जण उद्या निघून गेला तर काय होईल, हे पाहावे.

या चित्राला काळी बाजूही आहे. वेबवरील कुलपांचे पुष्कळसे काम ओपनएसएसएल नावाच्या विनामूल्य सॉफ्टवेअरवर चालते. एप्रिल २०१४ मध्ये त्यात 'हार्टब्लीड' नावाचा भयंकर दोष उघडकीस आला. तो दोन वर्षे तेथे होता आणि कोणाच्या लक्षात आला नव्हता. मोठमोठ्या पेढ्या ज्या कुलपावर विसंबून होत्या, त्या कुलपासाठी पूर्ण वेळ राबणारा माणूस जेमतेम एक होता, असे तेव्हा उघड झाले. फुकट ते पौष्टिक असे आपण म्हणतो. पण फुकटच्या मालामागेही कोणाचे तरी श्रम असतात, आणि त्या श्रमांचा मोबदला कोणीच दिला नाही तर एके दिवशी छप्पर गळू लागते. जे सॉफ्टवेअर आपण वापरतो त्याला वर्षाकाठी यथाशक्ती वर्गणी द्यावी, असे आम्ही आमच्या सभासदांना सांगतो.

दुरुस्ती निघाली तरी ती आपल्या यंत्रावर चढवण्याचे काम आपलेच असते. मार्च २०१७ मध्ये अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधील एका दोषावर दुरुस्ती जाहीर झाली. अमेरिकेतील एक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीने ती सर्व यंत्रांवर चढवली नाही. मे महिन्यापासून चोर आत शिरले, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खाजगी माहिती गेली. म्हणून सर्व्हरवर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या आपोआप चढतील अशी व्यवस्था पहिल्याच दिवशी करावी. लिनक्सच्या बहुतेक प्रकारांत ती असते. फक्त चालू करावी लागते.

चोरांचा विषय निघालाच आहे तर तो येथेच पुरा करू. नवा सर्व्हर जाळ्याला जोडला की थोड्याच वेळात त्याच्या दारावर थापा पडू लागतात. जगभरची यंत्रे सोपे पासवर्ड घालून दार उघडते का ते पाहत असतात. सर्व्हरची नोंदवही उघडली की या थापांच्या ओळीच्या ओळी दिसतात. आमच्या एका सहकाऱ्याने पहिल्यांदा ती वही पाहिली तेव्हा त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटले, युनियनवर कोणी पाळत ठेवली आहे. वस्तुतः या थापा सगळ्यांच्याच दारावर पडतात. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कोणी तरी चोरून पासवर्ड टिपले. त्या प्रकाराने अस्वस्थ होऊन तातू युलोनेन या संशोधकाने एसएसएच ही पद्धत काढली. दूरच्या सर्व्हरवर काम करताना सगळे बोलणे कुलूपबंद होते, ते तिच्यामुळे. आज हीच पद्धत सर्वत्र चालते. तिच्यात पासवर्डऐवजी किल्लीची फाइल वापरावी, पासवर्डचे दार बंद करावे, आणि नको असलेल्या बाकीच्या खिडक्याही लावून घ्याव्यात.

वाचणाऱ्याच्या बाजूचे कुलूप वेगळे. पत्त्याच्या आरंभी एचटीटीपीएस असले की पान वाटेत कोणी वाचू अथवा बदलू शकत नाही. या कुलपाच्या प्रमाणपत्राला पूर्वी दरसाल पैसे पडत, त्यामुळे लहान संस्था त्याच्या वाटेला जात नसत. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा व्यवस्थेने ही प्रमाणपत्रे सर्वांना विनामूल्य देण्यास आरंभ केला. त्यांनी मुदत मुद्दाम तीन महिन्यांची ठेवली, म्हणजे लोक नूतनीकरण हाताने न करता यंत्रावर सोपवतील. आता पैशाची सबब उरलेली नाही.

आता पुन्हा मागे जाऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या सुमारास अमेरिकेत जिओसिटीज नावाची वसाहत भरत होती. १९९४ मध्ये निघालेल्या या कंपनीने लोकांना फुकट जागा दिली. वसाहतीचे मोहल्ले पाडले होते: नाट्यचित्रपटांच्या शौकिनांना हॉलिवुड, संगणकवाल्यांना सिलिकॉन व्हॅली, राजकारणवाल्यांना कॅपिटल हिल. प्रत्येकाला घरक्रमांक होता. लाखो सामान्य माणसांनी तेथे आयुष्यातले पहिले पान लिहिले. कोणी आजीच्या पाककृती घातल्या, कोणी मेलेल्या मुलाच्या आठवणी लिहिल्या. जानेवारी १९९९ मध्ये याहू कंपनीने ही वसाहत साडेतीन अब्ज डॉलरांहून अधिक किमतीला घेण्याचे ठरवले. ही किंमत कशाची होती? घरे रहिवाशांनी बांधली होती, सजवली होती. विकली गेली ती त्यांच्यासकट.

जून १९९९ मध्ये नव्या मालकाने नव्या अटी आणल्या. रहिवाशांनी लिहिलेल्या मजकुरावर कंपनीला फार विस्तृत हक्क राहतील, असा त्यांचा अर्थ होत होता. रहिवासी संतापले. पुष्कळांनी आपल्या पानांचे रंग काढून ती करडी करून टाकली, कित्येक जण घर सोडून गेले. थोड्याच दिवसांत कंपनीला अटी बदलाव्या लागल्या. वेबच्या इतिहासातील भाडेकरूंचा हा एक नामी संप होय, आणि तो जिंकला गेला याचा आम्हाला आनंद वाटतो. परंतु दहा वर्षांनी, २६ ऑक्टोबर २००९ रोजी, कंपनीने वसाहतच बंद केली. सहा महिने आधी नोटीस लागली होती, पण ज्यांचे जुने पत्ते बदलले होते, जे मरण पावले होते, त्यांना नोटीस कोठून पोहोचणार? आर्काइव्ह टीम नावाच्या स्वयंसेवकांनी रात्रंदिवस खपून जमेल तेवढी पाने उतरवून घेतली, बाकीची गेली. जपानमधील जिओसिटीजही मार्च २०१९ अखेर मिटली. त्याच वर्षी मायस्पेस या कंपनीने, यंत्रे बदलताना २०१६ पूर्वी लोकांनी चढवलेली गाणी नष्ट झाली, असे कळवले. भाडेकरू संप करून भाडे उतरवून घेऊ शकतो. मालकाने चाळच पाडावयाची ठरवली तर संपाचा उपयोग होत नाही.

याच्या उलट उदाहरण लिव्हरपूलचे. सप्टेंबर १९९५ मध्ये तेथील सुमारे पाचशे गोदी कामगार कामावरून कमी केले गेले. वर्तमानपत्रांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. लेबरनेट या कामगारांच्याच जाळ्याने त्यांची पाने चालवली, आणि त्यांची बाजू देशोदेशीच्या बंदरांत पोहोचली. जानेवारी १९९७ मध्ये अनेक देशांतील गोदी कामगारांनी त्यांच्यासाठी एकाच दिवशी कृती केली. १९९८ च्या आरंभी लढा संपला आणि कामगारांना नोकऱ्या परत मिळाल्या नाहीत, हे खरे. तथापि त्यांनी काय केले आणि का केले, हे त्यांच्या शब्दांत जगाला कळले. आपल्या गोष्टी आपल्या छपराखाली असण्याचे मोल एवढे आहे.

आता आमची ठेच. घर स्वतःचे असावे हे आम्ही ओळखले होते. युनियनचे संकेतस्थळ एका कामगाराच्या हुशार मुलाने बांधून दिले. वीस वर्षांचे करार त्याने एकेक पान यंत्राखाली धरून चढवले. नाव त्याने आपल्या कार्डावर घेतले, पत्ता म्हणून आपल्या कॉलेजची ईमेल दिली, आणि आम्ही पेढे वाटले. मुलगा शिकून नोकरीला परगावी गेला. कॉलेजने त्याची ईमेल बंद केली. नाव चालू ठेवण्याचे पैसे भरा अशा सूचना त्या बंद पेटीत जाऊन पडत होत्या. एके दिवशी आमच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागल्या. नाव दुसऱ्याने घेतले होते. जागेचे भाडेही त्याच खात्यावरून जात असल्यामुळे थकले होते, आणि जागा देणाऱ्याने नियमाप्रमाणे सगळे पुसून टाकले होते. मुलाचा दोष नव्हता. पेढे वाटणाऱ्यांचा होता.

पंधरा दिवसांनी एक बाई कचेरीत आल्या. पती वारले होते. कारखाना मधल्या काळात एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला होता, आणि नवे व्यवस्थापन जुन्या मालकाकडची अकरा वर्षे ग्रॅच्युइटीत धरावयास तयार नव्हते. ती नोकरी अखंड धरावी असे हस्तांतराच्या वेळच्या करारात एक कलम होते. मूळ कराराला कचेरीतल्या पावसाळ्याने खाल्ले होते. नक्कल संकेतस्थळावर होती, म्हणजे आता कोठेच नव्हती. आम्ही इंटरनेट आर्काइव्हमध्ये शोध केला. ही संस्था १९९६ पासून जगातील पाने जपून ठेवते. तेथे आमचे मुखपृष्ठ होते, करारांची यादी तारखांसह होती, पण करारांच्या प्रती उतरल्या गेल्या नव्हत्या. बाई म्हणाल्या, "दादा, कागद तुमच्याकडेच होता ना?" आम्हाला उत्तर देता आले नाही. अखेर एका निवृत्त कामगाराच्या ट्रंकेत झेरॉक्स सापडली आणि पैसे मिळाले. पण त्यात सात महिने गेले, आणि मुलीच्या शिक्षणाची एक फी त्या महिन्यांत चुकली ती चुकलीच.

नावाचा इतिहास आम्ही त्यानंतर वाचला. आधी वाचावयास हवा होता. आरंभी जाळ्यातील सर्व यंत्रांच्या नावांची एकच यादी असे, आणि ती कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या हाताखाली ठेवली जाई. नवे नाव हवे तर त्यांच्या कचेरीला कळवावे लागे. यादी आवरेनाशी झाली तेव्हा, १९८३ मध्ये, पॉल मॉकापेट्रिस यांनी आजची डोमेन नावांची पद्धत आखली. नावाला पैसे पडू लागले ते सप्टेंबर १९९५ पासून. तेव्हापासून नाव हे विकत घेतलेले शेत नाही. तो मुदतीचा पट्टा आहे. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनीही आपल्या पासपोर्ट डॉट कॉम या नावाचे पैसे भरावयास विसरली आणि हॉटमेलची पत्रे कित्येकांना उघडेनात. अमेरिकेतील एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले तेव्हा गाडी पुढे सरकली. आम्हाला असा दाता भेटला नाही.

म्हणून नाव संस्थेच्या नावाने घ्यावे, व्यक्तीच्या नव्हे. सूचना किमान दोन जणांकडे जाव्यात, आणि त्यांची ईमेल त्याच नावावरची नसावी, नाहीतर नाव बुडाले की सूचनाही बुडते. पट्टा एकदम अनेक वर्षांचा करावा. नाव एकीकडे आणि जागा दुसरीकडे घ्यावी, म्हणजे एक हातची गेली तरी दुसरी राहते. आम्ही नूतनीकरणाचा दिवस १ मे ठरवला आहे. झेंडावंदन झाले की खजिनदार नावाची पावती सभेत दाखवतो. मराठी विकिपीडियाचा जन्मही १ मे २००३ चा, हा योगायोग आम्हाला शुभ वाटतो.

नकलांविषयी दोन हकीगती पुरेत. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका थकलेल्या अभियंत्याने चुकीच्या यंत्रावर पुसण्याची आज्ञा दिली. क्षणात चूक कळली, पण तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. नकला ठेवण्याच्या पाच पद्धती त्यांच्यापाशी होत्या. वेळेला एकही धडपणे चालेना. सहा तासांपूर्वी सहज घेतलेल्या एका प्रतीने लाज राखली. कंपनीने हे सारे जगापुढे उघड मांडले आणि त्या माणसाला बळी दिले नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. दुसरी हकीगत १० मार्च २०२१ ची. फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची सर्व्हरांची पाच मजली इमारत जळाली. ज्यांची नक्कल त्याच आवारात होती त्यांचे मूळ आणि नक्कल एकत्रच गेले. यावरून जाणते लोक सांगतात की प्रती तीन असाव्यात, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी. आम्ही यात एवढीच भर घालतो की, दर तीन महिन्यांनी नकलेवरून सगळे घर दुसऱ्या यंत्रावर उभे करून पाहावे. उभी करून न पाहिलेली नक्कल ही नक्कल समजू नये.

मराठी माणसाला आणखी एक ठेच लागली, ती अक्षरांची. १९९० नंतरच्या दशकात आपल्याकडे प्रत्येक फाँटवाल्याचे संकेत वेगळे होते. त्या काळात लिहिलेली मराठी पाने तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडली की रोमन अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासूनच जागा होती; आपणच उशिरा पोहोचलो. तेव्हा लिहावयाचे ते युनिकोडमध्येच, आणि जुने कागद चढवताना चित्रासोबत टंकलेला मजकूरही द्यावा, म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. २०१४ पासून 'डॉट भारत' या शेपटीने नावही देवनागरीत घेता येते.

राहिला एक प्रश्न. सर्व्हर घरी ठेवावा की भाड्याने घ्यावा? शिकण्यासाठी घरचा जुना संगणक उत्तम. त्यासारखा गुरू नाही. परंतु आपल्या गावांत वीज जाते, आणि घरच्या जोडणीला बहुधा स्वतःचा कायम पत्ता नसतो. म्हणून लोकांसाठीचे दार भाड्याच्या लहान सर्व्हरवर असावे आणि मूळ दप्तर आपल्या घरी. भाडेच द्यावयाचे तर जिओसिटीजहून निराळे काय, असे कोणी म्हणेल. निराळे हे की नाव आपले आहे, सर्व प्रती आपल्यापाशी आहेत, आणि मालकाने उद्या हात वर केले तर परवा आपण तेच घर तसेच्या तसे दुसरीकडे उभे करू शकतो. सभेची सूचना आम्हीही व्हॉट्सअ‍ॅपवरच देतो. चावडीवर दवंडी द्यावी, त्यात गैर काही नाही. पण सातबारा कोणी चावडीच्या भिंतीवर लिहून ठेवीत नाही.

या सभागृहात वाचनालयांचे कार्यवाह आहेत, पतपेढ्यांचे संचालक आहेत, तालमींची आणि नाट्यमंडळांची माणसे आहेत. प्रत्येकापाशी पन्नास-पाऊणशे वर्षांचे कागद आहेत, आणि ते संगणकावर चढवून देणारा एखादा हुशार मुलगाही असेल. त्याच्या पाठीवर हात ठेवा, पेढे वाटा. परंतु तो परगावी जाण्यापूर्वी त्याच्याकडून एक वही लिहून घ्या. नाव कोठे घेतले, भाडे केव्हा भरावयाचे, किल्ल्या कोणापाशी, नकला कोठे, घर पुन्हा कसे उभारावयाचे, हे सारे तिच्यात मराठीत असावे.

आमची अशी वही कचेरीतल्या लोखंडी कपाटात आहे, आणि तिची दुसरी प्रत कोषाध्यक्षांच्या घरी. तो अकरा वर्षांच्या नोकरीचा करार आता तीन गावांतल्या तीन यंत्रांवर आहे. गेल्या महिन्यात त्याच कारखान्यातला आणखी एक कामगार निवृत्त झाला. त्याच्या मुलाने करार मागितला, तो आम्ही चहा येण्यापूर्वी काढून दिला.